विभक्त पालकांनी मुलाच्या दोन घरांचे वेळापत्रक कसे आखावे

सोलापुरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर एक दिनदर्शिका असते आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी आले, दुधाचा खाडा कधी पडला, सिलिंडर कधी लावला याच्या खुणा तिच्यावर केलेल्या असतात. आईवडील वेगळे राहू लागल्यानंतर मूल कोणत्या रात्री कोणाकडे असेल, हेही त्याच चौकोनांत पाण्याच्या पाळीइतक्या निर्विकारपणे लिहिता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्हाला ते जमायला जवळजवळ दोन वर्षे लागली. पहिल्या कागदावर आम्ही फक्त “शनिवार-रविवार बाबांकडे” असे लिहिले होते आणि तो कागद दीड महिन्यात निरुपयोगी ठरला. शनिवार म्हणजे सकाळची शाळा सुटल्यावर की संध्याकाळी, रविवार म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी की सोमवारी शाळेत सोडेपर्यंत, आणायला कोणी जायचे आणि रिक्षाचे भाडे कोणी द्यायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. दर शनिवारी फोनवर नव्याने बोलणी होत आणि ती आटोपेपर्यंत सात वर्षांची मुलगी चपला घालून दाराशी उभी राही. त्यानंतर आम्ही जितके क्षुल्लक तपशील आधीच लिहून ठेवले, तितके आम्हाला एकमेकांशी कमी बोलावे लागले आणि निरोप पोचवण्याचे काम मुलीच्या अंगावरून उतरले. पुढचे सारे मार्गदर्शन या एकाच अनुभवावर उभे आहे.

एक अपवाद मात्र आरंभीच सांगायला हवा. ज्या घरात मारहाण, धमक्या किंवा मुलाशी गैरवर्तन झाले आहे, तेथे आपापसात वेळापत्रक ठरवण्याचा प्रयत्न करू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यातील कलम 21 खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि दुसऱ्या पालकाच्या भेटी मुलाच्या हिताला बाधक वाटल्यास त्या नाकारूही शकतात. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक आहेत.

कायद्याची चौकट

ताब्याचा विचार करताना न्यायालय कोणत्या नजरेने पाहते, हे ठाऊक असले की निम्मे वाद आपोआप गळून पडतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. परंतु त्याच अधिनियमाचे कलम 13 मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष मानते आणि व्यवहारात त्याचेच पारडे जड ठरते. कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून “वडील आणि त्यांच्यानंतर आई” असा क्रम आहे. त्यातील “नंतर” या शब्दाचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच स्पष्ट केले आहे. पालक व पाल्य अधिनियम, 1890 सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याखालचा अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करायचा असतो आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते.

दोघांकडे समसमान ताबा देणारी तयार तरतूद आपल्या कायद्यांत नाही. विधी आयोगाने मे 2015 मधील 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण कायदा तसा बदललेला नाही. तरीही दोघांनी संमतीने तशी व्यवस्था मांडली आणि ती मुलाच्या हिताची दिसली, तर न्यायालय ती मान्य करू शकते. ज्या पालकाकडे ताबा नाही त्यालाही मुलाला भेटण्याचा आणि फोन अथवा व्हिडिओ कॉलवरून संपर्कात राहण्याचा पुरेसा वाव मिळावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात घेतली आहे. त्यामुळे “ताबा माझ्याकडे आहे, मी ठरवीन तेव्हा भेट” हे म्हणणे टिकत नाही, हे मलाही माझ्या वकिलांनी पहिल्याच भेटीत ऐकवले होते.

आखणीपूर्वीची माहिती

दोघांनी समोरासमोर बसण्याआधी आपापल्या घरी एकेक कागद भरावा. शाळेची नेमकी वेळ, शनिवारची वेळ, उन्हाळ्यात सकाळची शाळा साधारण कधी सुरू होते, शिकवणी आणि छंदवर्गांचे वार, पोहण्याचा किंवा तबल्याचा वर्ग कोणत्या भागात आहे, मुलाच्या झोपेची वेळ, चालू असलेली औषधे, आणि दोन्ही पालकांच्या कामाच्या वेळा त्यात असाव्यात. कामाच्या वेळा प्रामाणिकपणे लिहिणे सर्वांत अवघड जाते. मला बुधवारी संध्याकाळी साडेसातच्या आधी घरी पोचता येत नाही हे मी लिहिलेच नव्हते, कारण ते लिहिले तर बुधवार हातचा जाईल अशी भीती होती. परिणामी वर्षभर प्रत्येक बुधवारी मुलगी शेजारच्या काकूंकडे बसून राहिली, आणि तो वेळ तिच्या बाबांना सहज देता आला असता.

यंत्रमागावर किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या पालकाने पाळ्यांचा क्रम लिहावा. तीन पाळ्या आठवड्यागणिक बदलत असतील तर नेहमीचे 14 दिवसांचे चक्र निरर्थक ठरते. त्याऐवजी 21 दिवसांचे चक्र घ्यावे, रात्रपाळीचा आठवडा मुलाविना ठेवावा आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात, जेव्हा दुपारनंतरचा सगळा वेळ मोकळा असतो, तेव्हा जास्त दिवस घ्यावेत.

अंतरही पाहावे. एक घर जुळे सोलापुरात आणि दुसरे भवानी पेठेत असेल तर दोन्ही घरे एकाच शाळेच्या आवाक्यात राहतात, पण शाळेची रिक्षा एकच राहील असे नाही. आमचे रिक्षावाले काका फक्त विजापूर रोडच्या बाजूची मुले नेत. बाबांकडच्या दिवसांसाठी दुसरी रिक्षा लावावी लागली आणि दोघांनाही महिन्याचे पूर्ण पैसे द्यावे लागले. हा खर्च आधीच धरावा.

चक्र निवडणे

वेळ मोजताना दिवसांऐवजी रात्री मोजाव्यात, कारण एकच दिवस दोन्ही घरांत विभागला जातो आणि मग हिशेब जुळत नाही. 14 रात्रींचे चक्र घेऊन पाहू. एक आठवडा सोडून शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ मूल दुसऱ्या पालकाकडे गेले, तर त्याच्या वाट्याला 14 पैकी 2 रात्री येतात. तीच भेट सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडण्यापर्यंत वाढवली तर 3 होतात, आणि दर बुधवारची रात्र जोडली तर 5. रविवारची संध्याकाळ सोमवार सकाळपर्यंत नेणे हा लहानसा बदल वाटतो. पण त्यामुळे त्या पालकाला गृहपाठ घ्यावा लागतो, डबा भरावा लागतो, गणवेशाला इस्त्री करावी लागते. नुसते फिरायला नेणारा पालक आणि वाढवणारा पालक यांतील अंतर त्या एका रात्रीत कमी होते, म्हणून तिच्यासाठी थोडे भांडावे लागले तरी चालेल असे माझे मत आहे.

दोघांकडे सारख्या रात्री ठेवायच्या असतील तर शाळकरी मुलासाठी मला सर्वांत सुटसुटीत वाटलेली पद्धत अशी: सोमवार आणि मंगळवार कायम एकाकडे, बुधवार आणि गुरुवार कायम दुसऱ्याकडे, आणि शुक्रवार ते रविवार आळीपाळीने. प्रत्येकाकडे 7 रात्री येतात, वार बदलत नाहीत, आणि “मंगळवारी तबला म्हणजे आईकडे” हे मूल आठवडाभरात शिकते. या पद्धतीत सलग 5 रात्री मूल दुसऱ्या घरी असते. त्या पाच रात्रींची सवय मुलापेक्षा मोठ्यांना उशिरा होते. दोन रात्री इकडे, दोन तिकडे, तीन पुन्हा इकडे अशीही एक पद्धत आहे. तिच्यात ताटातूट कमी असते, पण प्रत्येक आठवड्याला वार उलटतात आणि दप्तरातली वही हमखास चुकीच्या घरी राहते. एकेक आठवडा आळीपाळीने ही पद्धत दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना मानवते.

तीन वर्षांखालच्या बाळाला यांपैकी काहीही लागू करू नये. त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा, ठरलेल्या वेळी, दोन-तीन तासांची भेट हवी. अंगावर पिणारे असेल तर तेवढेही तास कमी करावेत. मुक्काम हळूहळू वाढवावा. आणि दहावी-बारावीच्या मुलाला विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये, कारण त्याच्या शिकवण्याच आपले वेळापत्रक ठरवत असतात.

एका घरातून दुसऱ्या घरात

बहुतेक भांडणे वेळापत्रकावरून होत नाहीत. ती मुलाच्या अदलाबदलीच्या दहा मिनिटांत होतात. म्हणून शक्य तितकी अदलाबदल शाळेतून व्हावी: सकाळी एकाने सोडावे, दुपारी दुसऱ्याने आणावे. दोन्ही पालकांची गाठ पडत नाही, मुलाला निरोपाचा प्रसंग अनुभवावा लागत नाही आणि गल्लीत कोणाला तमाशा मिळत नाही. शाळेला मुलाला नेण्याची मुभा असलेल्या व्यक्तींची यादी छायाचित्रांसह लेखी द्यावी. तिच्यात आजोबा, मामा, आत्या यांचीही नावे असू द्यावीत, कारण ऐनवेळी तेच धावून येतात. शाळेच्या नोंदीत दोन्ही पालकांचे दूरध्वनी क्रमांक असावेत आणि पालकसभेची सूचना दोघांनाही जावी.

सुटीच्या दिवशी शाळेचा पर्याय नसतो. तेव्हा दोन्ही घरांच्या मधले, माणसांचा वावर असलेले आणि सावलीचे ठिकाण ठरवावे. हुतात्मा बाग किंवा सिद्धेश्वर मंदिराचे आवार अशासाठी बरे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर असतो, त्या दिवसांत अदलाबदलीची वेळ संध्याकाळी सहानंतरचीच असावी. दुपारी दोन वाजता रस्त्याकडेला थांबून “पाच मिनिटांत येतो” ऐकत राहणे मूल विसरत नाही. उशीर झाल्यास काय, हेही लिहावे: 15 मिनिटांपर्यंत संदेश पुरेसा, त्यापुढे फोन, आणि 45 मिनिटांनंतर मूल ज्याच्यासोबत आहे त्याच्याकडेच परत जाईल.

सामानाचा नियम सोपा ठेवावा. दोन्ही घरी असायच्या वस्तू म्हणजे गणवेशाचे दोन जोड, घरातले कपडे, दात घासण्याचा ब्रश, चप्पल, पांघरूण आणि अभ्यासाची जागा. ज्याची चादर ज्या घरात आहे ते घर त्याचे, हे मला माझ्या मुलीने शिकवले. बाबांकडे तिला पाहुण्यांची चादर दिली जाई तोवर ती त्या घराला “तिकडे” म्हणत असे. मुलासोबत ये-जा करायच्या वस्तू म्हणजे दप्तर, चष्मा, औषधे आणि झोपताना लागणारे खेळणे असेल तर ते. औषध दिले असल्यास शेवटचा डोस किती वाजता दिला हे बाटलीला चिठ्ठी लावून लिहावे. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाच्या नोंदी यांच्या प्रती दोन्ही घरी ठेवाव्यात. मूळ कागद कोणाकडे आहेत ते करारात नमूद करावे.

सणांची वाटणी

आपल्याकडे नेहमीच्या आठवड्यापेक्षा सण जास्त तापदायक ठरतात, कारण त्यांत आईवडिलांसोबत दोन्हीकडचे आजी-आजोबाही उतरतात. पहिली खबरदारी अशी की सण तारखेने लिहू नयेत, तिथीने लिहावेत. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली, आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती 14 सप्टेंबरला आहे. “सप्टेंबरचा पहिला आठवडा बाबांकडे” असे लिहिणाऱ्यांचा गणपती केव्हाच हातातून निसटला असता. ईदसाठी चंद्रदर्शनावर अवलंबून असलेला दिवस, असे स्पष्ट लिहून आदल्या दिवसाची संध्याकाळही त्यात धरावी. संक्रांत तेवढी 14 किंवा 15 जानेवारीला ठरलेली.

दुसरी खबरदारी म्हणजे सम आणि विषम वर्षे. सम वर्षी वसुबारस ते लक्ष्मीपूजन आईकडे आणि पाडवा-भाऊबीज बाबांकडे, विषम वर्षी उलट, अशी मांडणी बहुतेकांना पटते. गौरींचे मात्र आमच्यात सम-विषम जमले नाही. गौरी मुलीच्या आजीच्या घरी बसतात, तेथे नातीने असणे हा आजीचा मान आहे, आणि मी तो दिवस कायमचा त्या घराला देऊन बदल्यात संक्रांतीची भोगी कायमची माझ्याकडे घेतली. तिळाची बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी माझ्या आईच्या हातची. असे एकास एक कायमचे सौदे, दोघांची मने जेथे खरोखर गुंतली आहेत तेथे, सम-विषमपेक्षा अधिक टिकतात.

सोलापूरकरांसाठी काही दिवसांचा वेगळा विचार करावा लागतो. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम हे चार प्रसंग संक्रांतीच्या आगेमागे लागोपाठ येतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत घरातल्या कोणाची सेवा असेल तर अक्षता सोहळ्याचा दिवस त्या घराला द्यावा आणि दारूकामाची संध्याकाळ दुसऱ्याला. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेनिमित्तचा मेळा, त्यानंतरही काही दिवस असतो. पाळण्यांसाठी दोघांनाही एकेक संध्याकाळ मिळते, त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो आणि त्याच दिवशी राखीही असते. आई तेलुगू भाषक आणि वडील मराठी भाषक, किंवा उलट, अशा घरांत या एका दिवसाचे दोन भाग करावे लागतात. सकाळी राखी, दुपारनंतर रथ, आणि मधे कोण कोठे सोडणार हे लिहिलेले.

शेवटी अग्रक्रम लिहावा: सण आणि सुटी एकत्र आल्यास सण आधी, मग सुटी, मग नेहमीचा आठवडा. सणामुळे बुडालेल्या रात्री भरून मागायच्या नाहीत, हेही त्याच ओळीत.

मोठ्या सुट्या आणि पुण्याला गेलेला पालक

उन्हाळ्याची सुटी साधारण मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. ती दोन भागांत वाटावी आणि शाळा सुरू होण्याआधीचा आठवडा, ज्या घरातून शाळेची तयारी होते त्या घरात जावा. वह्यांना कव्हर घालणे हे काम आहे आणि ते कोणाकडे तरी पडतेच. गावाबाहेर नेताना कोठे, कोणासोबत आणि परतीची तारीख, एवढे किमान आठ दिवस आधी कळवावे. परदेशप्रवास असेल तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती घ्यावी.

नोकरीसाठी पुण्याला जाणे सोलापूरकरांना नवे नाही, आणि एक पालक तेथे गेला की आठवड्याची सगळी चक्रे मोडतात. सुमारे 250 किलोमीटरवरून दर आठवड्याला मुलाला ओढणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी पालकाने मुलाकडे यावे: महिन्यातून दोन शनिवार-रविवार त्याने सोलापुरात घालवावेत, महिन्यातून फार तर एकदा मुलाने पुण्याला जावे, आणि कमी पडलेल्या रात्री उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुटीत मोठ्या वाट्याने भरून काढाव्यात. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्रीच पोचते, त्यामुळे भेट शनिवारी सकाळपासून धरणे व्यवहार्य असते. शुक्रवारचा आग्रह धरून झोपलेल्या मुलाला उठवू नये. मोटारीने अदलाबदल करायची असल्यास इंदापूर साधारण मध्यावर पडते. लहान मुलाला ओळखीच्या प्रवाशाच्या भरवशावर गाडीत बसवून देण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती करारात शब्दशः निषिद्ध करावी.

बदल, आजारपण आणि पैसे

ठरलेले बदलावे लागणार, हे गृहीत धरून बदलाची रीत ठरवावी. मुलासंबंधीचे सर्व बोलणे एकाच व्हॉट्सॲप संवादात ठेवावे आणि त्यात दुसरे काहीही आणू नये. बदलाचा संदेश किमान 48 तास आधी जावा, त्याचा साचा ठरलेला असावा आणि त्यात एकही विशेषण नसावे. आमचा साचा असा आहे:

“शुक्रवारी सायंकाळी 6 ऐवजी 7.30 वाजता नेईन. कारण: कार्यालयात तपासणी. उद्या रात्री 9 पर्यंत कळवावे.”

उत्तर “चालेल” किंवा “नाही जमणार, 6 वाजताच न्यावे” इतकेच. उत्तर आले नाही तर मूळ वेळ कायम. बुडालेली भेट 30 दिवसांत भरून द्यावी. त्यानंतर तिचा दावा संपला असे मानावे, नाहीतर उधारीची वही वर्षानुवर्षे चालते. दोघांनाही सोयीचे असेल तर गुगल कॅलेंडर सामायिक करावे, पण भिंतीवरची दिनदर्शिका काढू नये, कारण मुलाला फोन चाळता आला तरी पुढचे दोन आठवडे एका नजरेत भिंतीवरच दिसतात. दोन्ही घरी एकाच रंगाची खूण एकाच पालकासाठी वापरावी.

साधी सर्दी असेल तर अदलाबदल व्हावी. ताप असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मूल आहे तेथेच राहावे आणि दुसऱ्या पालकाने तेथे येऊन तासभर बसावे. त्या तासात घरातल्या इतरांनी आतल्या खोलीत जाण्याचा मोठेपणा दाखवावा. रुग्णालयात न्यावे लागले तर तेथे पोचण्याआधी, निदान रिक्षात बसल्याबरोबर, दुसऱ्याला कळवावे.

रोजच्या फोनची वेळ झोपेआधीची, दहा-पंधरा मिनिटांची असावी. फोन स्पीकरवर ठेवू नये आणि “तिथे काय खाल्लेस, कोण आले होते” असे विचारू नये. हे लिहिणे सोपे आणि पाळणे फार कठीण. मी स्वतः कित्येक महिने ते पाळले नाही.

पोटगी आणि भेटी यांची गाठ घालू नये. पोटगी थकली म्हणून मुलाला न पाठवणे किंवा मूल पाठवले नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्ही गोष्टी न्यायालयात आपल्याच अंगाशी येतात. थकबाकीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. फी, शिकवणी, औषधोपचार आणि रिक्षा यांचा वाटा टक्क्यांत लिहावा आणि पावत्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाठवाव्यात.

कागद आणि न्यायालय

स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला करार हा दोघांमधला चांगला पुरावा आहे, पण न्यायालयाच्या आदेशासारखी त्याची अंमलबजावणी होत नाही. परस्पर संमतीने घटस्फोट घेणार असाल तर हेच वेळापत्रक संमतीच्या अटींत घालून घ्यावे. हिंदू विवाह अधिनियम, 1955 याच्या कलम 13ब प्रमाणे त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते. योग्य प्रकरणात ती माफ करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले आहे. माझा सल्ला असा की मुले असतील तर ही मुदत माफ करून घेण्याची घाई करू नये. ते सहा महिने वेळापत्रकाची तालीम म्हणून वापरावेत, जेथे अडेल तेथे खूण करावी, आणि दुसऱ्या तारखेला सुधारलेला कागद न्यायालयापुढे ठेवावा.

सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात प्रकरण गेल्यास विवाह समुपदेशकांची गाठ पडते. त्यांच्यापुढे जाताना तक्रारींची यादी नेण्यापेक्षा भरलेली दिनदर्शिका न्यावी. मागील तीन महिन्यांत मूल कोणत्या रात्री कोठे होते हे त्यांना दाखवता आले तर बोलणे लगेच मुद्द्यावर येते. वकिलांचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. 15100 या क्रमांकावरही विचारणा करता येते.

ताब्याचा आदेश कधीही अखेरचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, आणि संमतीच्या अटींतच फेरविचाराचा महिना लिहिला तर प्रत्येक वेळी न्यायालयात जावे लागत नाही. आम्ही जून हा महिना धरला आहे. शाळेचे नवे वेळापत्रक हाती आल्यावर पहिल्या रविवारी दोघे तासभर बसतो, आणि गेल्या वर्षीपासून शेवटची दहा मिनिटे मुलगीही बसते. या वर्षी तिने बुधवार आणि मंगळवार यांची अदलाबदल मागितली, कारण बुधवारी मैत्रिणीच्या गच्चीवर सगळ्या जमतात आणि ती गच्ची बाबांच्या घरापेक्षा माझ्या घराला जवळ आहे. मागणी मान्य झाली, कागदावर तारीख टाकून दोघांनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रिक्षावाल्या काकांना नव्या वारांच्या चिठ्ठ्या दिल्या.